आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे, मग मागे

प्रश्न : ताई, ऑक्टोबरमध्ये कॅन्टन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला चीनमधल्या ग्वांगझूला चाललोय, मी आणि बाबा (वय ६७, हार्डवेअरचा धंदा). तुम्ही तिथे दोन वर्षं राहिलाय म्हणून विचारतो. जाऊन आलेले सगळे घाबरवतायत, ट्रॅफिक भयंकर, टॅक्सीवाल्याला कळत नाही, गूगल नाही, कॅश घेत नाहीत. बाबा म्हणतात आपण काय ट्रॅफिक पाहिलं नाही का! नेमकं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. गर्दीची आपल्याला सवय असते, पण ती सवय कानाची असते हो, हॉर्न ऐकला की पाय आपोआप बाजूला होतात. ग्वांगझूत शहरभागात २००७ पासून मोटरसायकली बंद आहेत, त्यांची जागा घेतली इलेक्ट्रिक स्कूटरनी, आणि तिला आवाजच नाही. उलट्या बाजूने येते, फुटपाथवरून येते, कुठूनही येते. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी फुटपाथवर फोनमधला नकाशा फिरवत उभी होते आणि मागून काहीतरी कोपराला घासून गेलं, वळून बघेपर्यंत तो पिवळ्या जॅकेटवाला डिलिव्हरीवाला वीस पावलं पुढे, मागे नुसता गरम सूपचा वास. तेव्हापासून फोन बघायचा असेल तर भिंतीला पाठ लावून बघते, बाबांनाही हेच सांगा, फुटपाथ म्हणजे सुरक्षित हा समज विमानतळावरच सोडा.

दुसरं म्हणजे तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्त्यात पाऊल टाकलं की पहिली गाडी डावीकडून येते आणि आपली मान मात्र सवयीने उजवीकडे वळलेली असते. त्यात सिग्नल लाल असला तरी उजवीकडे वळायला गाड्यांना बहुतेक ठिकाणी परवानगी असते, म्हणजे तुमचा हिरवा माणूस लागलाय, तुम्ही निवांत निघालात आणि एक गाडी नाक खुपसत वळतेच. नियमाने तिने थांबायला हवं, पण नियमाच्या भरवशावर ६७ वर्षांच्या माणसाला पुढे करू नका. लोकल लोकांचा घोळका निघाला की त्याच्या मधोमध घुसायचं आणि एकाच चालीत जायचं, मध्येच थबकायचं नाही, पळायचं नाही, आणि अर्ध्यातून मागे तर अजिबात फिरायचं नाही, कारण स्कूटरवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊनच बाजूने काढत असतो. मोठा रस्ता असेल तर जवळचं मेट्रो स्टेशन बघा, एका दाराने खाली उतरून पलीकडच्या दाराने वर यायचं, बाबांचे गुडघे कुरकुरतील पण जीव वाचेल.

आता गाडी. विमानतळावर आगमनाच्या दाराशी कोणी "टॅक्सी टॅक्सी" करत जवळ आला तर मान हलवून पुढे व्हा. अधिकृत टॅक्सीची रांग तरी धरा, नाहीतर मेट्रोची ३ नंबर लाइन विमानतळातूनच निघते, पण पुढे इतकी भरते की मोठ्या बॅगा असतील तर नकोच. दीदी (ओला-उबरसारखं तिथलं ॲप) इंग्रजीत चालतं, अलीपे या पैसे भरायच्या ॲपच्या आतूनही गाडी बोलावता येते. मात्र पांढऱ्या गाड्या सगळ्या सारख्या दिसतात, त्यामुळे नंबर प्लेट बघा, हिरवी प्लेट म्हणजे इलेक्ट्रिक, निळी म्हणजे पेट्रोल. बसलात की ड्रायव्हर "वेइ हाओ" असं काहीतरी विचारेल, घाबरू नका, तो तुमच्या मोबाइल नंबरचे शेवटचे ४ आकडे मागतोय, फोनवर दाखवायचे. (मी पहिल्यांदा त्याला हॉटेलचा रूम नंबर सांगितला होता, बिचारा बराच वेळ बघत राहिला.)

फेअर संध्याकाळी ६ ला बंद होतो आणि तेव्हा पाझोउमध्ये, म्हणजे फेअर भरतो त्या भागात, गाडी मिळवणं म्हणजे शुद्ध मनस्ताप, हजारो लोक एकाच वेळी तेच करत असतात. साडेचारला निघा नाहीतर आत चहा पीत बसा, आणि मेट्रोची ८ नंबर लाइन धरा, शिनगांगदोंग आणि पाझोउ ही दोन्ही स्टेशनं फेअरलाच लागून आहेत. स्टेशनात जाताना बॅग मशीनमधून टाकावी लागते, रोज, प्रत्येक वेळी.

बाकी कटकट सगळी फोनची आहे आणि ती घरूनच मिटवून जायची. अलीपे टाकून पासपोर्टचं व्हेरिफिकेशन करा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि बँकेकडून परदेशी व्यवहार चालू करून घ्या. २०० युआनपर्यंतच्या पेमेंटवर जास्तीचा चार्ज नाही, त्याहून मोठ्या पेमेंटवर ३ टक्के लागतो, म्हणून जेवणाचं बिल दोघांनी वेगवेगळं भरलं तरी चालेल. ओटीपी यायला आपलं सिम रोमिंगवर हवंच, आणि रोमिंगवर व्हॉट्सॲपही चालतं, हॉटेलच्या वायफायवर नाही चालणार. गूगलचा नकाशा उघडला तरी ठिकाण काहीशे मीटर सरकलेलं दाखवतो, आयफोनमधला ॲपलचा नकाशा बरा. हॉटेलचं कार्ड, चिनी लिपीतलं, बाबांच्या खिशात वेगळं आणि तुमच्या खिशात वेगळं.

प्रश्न : तिथे भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवली तर?

उत्तर : नाही. आपलं लायसन्स तिथे चालत नाही आणि इंटरनॅशनल परमिटही चालत नाही. अपघात झाला तर मग तुमचं म्हणणं कोण ऐकणार? पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स १२०, एवढे दोन नंबर पाठ असू द्या.

प्रश्न : फेअरनंतर विमानाने शांघायला जायचंय, काही वेगळी काळजी?

उत्तर : एकच. पॉवर बँकवर ३सी ही चिनी सुरक्षेची खूण नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत, जून २०२५ पासूनचा नियम आहे, सिक्युरिटीलाच काढून ठेवतात. तिथलीच एक विकत घ्या, किंवा मग सरळ ट्रेनने जा, तिकीट पासपोर्टवरच निघतं.