नेव्ही सील नायक असलेल्या रोमँटिक सस्पेन्स कादंबरीवर वाचकांची मतं इतकी टोकाची का असतात? कुणाचं खरं मानायचं?

तुमचा पूर्ण प्रश्न असा की अशी एक कादंबरी, म्हणजे प्रेमकथा आणि थरारकथा एकत्र आणि नायक अमेरिकन नौदलाच्या 'सील' या खास कमांडो पथकातला, घ्यायचं मनात आहे, पण निम्म्यांनी पाच तारे देऊन डोक्यावर घेतलीय आणि निम्म्यांनी एका ताऱ्यात तिची सालं काढलीत, तर विश्वास कुणावर ठेवू. आणि मालिका पहिल्या भागापासूनच वाचावी लागते का. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देते, लक्षात राहिलं तर. पहिल्यावर मला गप्प बसवत नाही. असल्याच एका पुस्तकाला मी दोन तारे दिले म्हणून माझी नणंद दोन महिने माझ्याशी तुटक वागत होती.

आधी ताऱ्यांचं बघू. गुडरीड्स या वाचकांच्या मतांच्या संकेतस्थळावर दोन तारे म्हणजे 'ठीक होतं' आणि तीन म्हणजे 'आवडलं'. त्यांनीच तसं ठरवून दिलंय. अ‍ॅमेझॉनवर मात्र तीन तारेसुद्धा टीकेच्या गठ्ठ्यात पडतात. म्हणजे मी 'ठीक होतं' म्हटलं आणि नणंदेने ऐकलं 'भिकार आहे'. सरासरी आकडा बघून पुस्तक ठरवू नका. पाच ताऱ्यांवाल्यांत प्रकाशनाआधी फुकट प्रत मिळालेले बरेच असतात, आणि फुकटच्या प्रतीला नावं ठेवायला जीभ जड होतेच. एका ताऱ्यावाले बहुतेक चुकीच्या दारातून आत आलेले. युद्धकथा समजून उचललं आणि दर तिसऱ्या प्रकरणात चुंबन निघालं, नाहीतर प्रेमकथा समजून उचललं आणि पन्नासाव्या पानावर कुणाची तरी नखं उपटली. तीन ताऱ्यांवाल्यांकडे जा. त्याला काय आवडलं आणि काय खटकलं, दोन्ही सांगावं लागतं, त्यामुळे तो बिचारा खरं बोलतो.

'शेवट आधीच कळला' ही तक्रार दिसली तर पुढे सरका. रोमान्स आहे तो! रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही लेखकांची संघटना १९८० साली निघाली, तिच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधानाचा, आशा देणारा हवा. लग्नाला जायचं आणि लग्न लागलं म्हणून रुसायचं, त्यातली गत.

आता माझं रडगाणं. माझा नवरा नौदलात होता, गनरी म्हणजे तोफा-बंदुकांच्या शाखेत. अमेरिकेच्या नव्हे, आपल्याच. नणंद धाकटी, असली पुस्तकं आठवड्याला एक या वेगाने संपवते. तिने मला जी दिली तिचं नाव लिहीत नाही, नाहीतर खाली त्याच पुस्तकावर भांडणं सुरू होतील. नायक सील पथकातला लेफ्टनंट, नायिका दुभाषी, तिचं अपहरण, जंगल, पाऊस, एकच झोपडी. तुम्ही यातलं एकही वाचलं असेल तर पुढचं तुम्हीच सांगाल.

मी वाचायच्या आधी नवऱ्याने उचललं. मुखपृष्ठावर बंदूक होती ना! तीन दिवसांनी परत दिलं तेव्हा समासात पेन्सिलीच्या एकतीस खुणा होत्या. मी मोजल्या. नायकाने ग्लॉक पिस्तुलाची सेफ्टी अंगठ्याने खट्कन काढली, तिथे खूण: ग्लॉकला अंगठ्याने सरकवायची सेफ्टी नसतेच, ती ट्रिगरमध्येच बसवलेली असते. सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारी नळी, लावलेली बंदूक 'फुस्स' झाली, तिथे खूण: गोळीचा आवाज सुमारे १६० डेसिबल, सप्रेसरने त्यातले वीस-तीस कमी होतात, शेजारच्या खोलीतला पहारेकरी झोपून राहत नाही. सी-४ या स्फोटकावर गोळी झाडल्याबरोबर स्फोट, तिथे खूण: डिटोनेटरशिवाय ते फुटत नाही. हवेत कॉर्डाइटचा वास भरला होता, तिथे नुसतं 'हॅ!' लिहिलेलं, कारण कॉर्डाइट ही बंदुकीची जुनी दारू दुसऱ्या महायुद्धानंतर मागे पडली, पण थरारकथांमधून तिचा वास काही जात नाही. मधल्या एका प्रकरणात नायकाचा तिशीतला मित्र नौदलात 'कॅप्टन' आहे. नौदलातला कॅप्टन म्हणजे सैन्यातला कर्नल, तिथे पोचायला वीसेक वर्षं घासावी लागतात. आणि खांद्यातून गोळी आरपार गेल्यावर त्याच रात्री नायक झोपडीत जे काही करतो, त्या पानावर तीन उद्गारचिन्हं. हा माणूस घरात फार बोलत नाही, पण त्या तीन उद्गारचिन्हांत सगळं आलं.

नणंद भडकली. "दादा, तू पुस्तक वाचतोस की पंचनामा करतोस?" तिचं म्हणणं, ज्यासाठी वाचायचं ते सगळं लेखिकेने बरोबर लिहिलंय. आणि तेही खरंच होतं. कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोच्या किनाऱ्यावरचं सीलचं प्रशिक्षण, त्यातल्या सगळ्यात खडतर आठवड्याचे, हेल वीकचे, साडेपाच दिवस आणि त्यात सगळी मिळून चार तासांपेक्षा कमी झोप, नको झालं की पितळी घंटा तीनदा वाजवून निघून जायचं, हे सगळं झकास उतरलं होतं. घंटेपाशी उभा राहून नायक दोरीला हात लावतो आणि सोडून देतो, ते पान मी दोनदा वाचलं.

ही दोघं भावंडं माझ्या समोर बसून तासभर भांडली. एक बंदुकीवर, दुसरी प्रेमावर. तुम्ही वाचताय ती मतंही याच दोन गटांतली असणार, मी पैज लावते. आणि मला राहून राहून वाटत होतं की दोघांनीही पान १७८ वाचलेलंच नाही.

पान १७८ वर नायिका सुटून घरी आलेली आहे, नायक पुन्हा मोहिमेवर गेलाय. चार दिवस निरोप नाही म्हणून ती तळावर फोन करते. पलीकडे त्याचा वरिष्ठ. "काळजी करू नकोस," म्हणतो, आणि पथक कुठल्या देशात आहे, कधी परतणार, सगळं सांगून टाकतो. ती डोळे पुसते आणि झोपते.

या पानावर एकही खूण नव्हती.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मोबाइल नव्हता, घरात लँडलाइन. जहाज निघालं आणि एकदम गप्प झालं. एक दिवस, दोन दिवस, चौदा दिवस. मी फोनचा रिसीव्हर उचलून आत टोन येतोय का ते बघायचे. येत असायचा. मग ठेवल्यावर वाटायचं, नेमक्या त्याच क्षणी त्याने लावला असेल आणि एंगेज लागला असेल तर? म्हणून पुन्हा अर्धा तास फोनजवळ बसायचं. सातव्या दिवशी मी ड्यूटी रूमला फोन केला. पलीकडच्या मुलाचा आवाज कोवळा होता. "मॅडम, मला काही सांगता येणार नाही." मी विचारलं, नाही सांगता येत म्हणजे वाईट आहे का? तो म्हणाला, "मॅडम, तेही सांगता येणार नाही." त्याचं चुकलं नाही हे तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दाराच्या भिंगातून चेहरा दिसला नाही, फक्त खाकी बाही दिसली. नौदलाचे रोजचे कपडे मला पाठ होते, खाकी बाहीचा आमच्याशी काही संबंध नाही हे कळायला हवं होतं. पण गणवेशातलं माणूस दाराशी आलं की काय असतं, हे फौजेतल्या कुठल्याही बायकोला शिकवावं लागत नाही. कडीवर हात ठेवून मी किती वेळ उभी होते देव जाणे. उघडलं नाही तर तो आलाच नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. शेवटी तो बाहेरून ओरडला, "मीटर बघायचाय!"

नवरा चौदाव्या दिवशी आला. म्हणाला, "अगं, काही नव्हतं, रेडिओ बंद ठेवायचा हुकूम होता. तू उगाच घाबरतेस." या एका 'उगाच'वरून आमचं गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे.

तर माझं मत ऐका, मग पटो न पटो. या कादंबऱ्यांतली खरी चूक ग्लॉकमध्ये नसते, फोनमध्ये असते. सील पथकं १९६२ साली उभी राहिली, त्यांची कवायत, घंटा, बिल्ला यांवर माहितीपट निघालेत, ते कुणीही शोधून लिहू शकतं. फोन न वाजणं कुठे शोधणार? आणि लिहायचं ठरवलं तरी कथेचा वेग मरतो. म्हणून लेखिका काय करते, नायिकेला उचलून त्याच्याच जंगलात टाकते. तिचं अपहरण होतं, तिच्यामागे मारेकरी लागतात, ती त्याच्या शेजारी चिखलात पडलेली असते, पण ती कधी घरी बसून वाट बघत नाही. वाचकांना यात आवडण्यासारखं काय आहे ते मला चांगलं कळतं. नऊ दिवसांनंतर मलाही वाटलं होतं की आपलं अपहरण झालं असतं तर बरं, निदान तो कुठे आहे ते कळलं असतं.

म्हणूनच नायिका मूर्खपणा करते, सांगूनही घराबाहेर पडते, अशी तक्रार करणाऱ्यांशी माझं जमत नाही. इंग्रजी वाचकांनी तर अशा नायिकेसाठी खास आद्याक्षरंच करून ठेवलीत, टीएसटीएल, म्हणजे जगायच्या लायकीची नाही इतकी मूर्ख. तुम्ही कडीवर हात ठेवून उभं राहून बघा, मग लायकी ठरवू.

अमेरिकन नौदलात असं गप्प होण्याला नाव आहे, 'रिव्हर सिटी'. मोहिमेची गुप्तता राखायची असते, किंवा कुणी दगावलेलं असतं आणि घरच्यांना रीतसर कळवायच्या आधी बातमी बाहेर फुटू नये म्हणून जहाजावरचे फोन आणि इंटरनेट बंद करतात. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि नाव कळल्याने बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. त्यांच्याकडे ओम्बड्समन नावाची सोयही आहे, १९७० पासून. बहुतेक जहाजावरच्याच कुणाची तरी पत्नी, स्वखुशीने काम करणारी, कमांड आणि कुटुंबं यांच्यामधला दुवा. बायका तिला फोन करतात, आणि तिलाही जेवढं सांगायची मुभा असते तेवढंच ती सांगते. विचार करा, काय पात्र आहे हे! सगळ्यांचे फोन तिला, आणि तिचा स्वतःचा नवराही त्याच जहाजावर. मी आतापर्यंत वाचलेल्या वीस-बावीस पुस्तकांत ती एकदाही आलेली नाही. वरिष्ठ अधिकारी मात्र दर पुस्तकात फोनवर सगळं ओकतो.

तेव्हा मतं चाळताना, लिहिणारीने घरी असलेल्या माणसांबद्दल काही म्हटलंय का ते शोधा. फौजेतल्या बायका या पुस्तकांवर लिहितात, आणि त्यांचं मत दोन ओळींतही ओळखू येतं. त्या बंदुकांचं नाव काढत नाहीत. 'निरोप येण्याआधीचं प्रकरण बरोबर आहे' एवढं एकीने लिहिलेलं दिसलं तर मी डोळे मिटून घेते ते पुस्तक, मग सरासरी काही का असेना.

हे सगळं एका बाजूचं आहे हे मान्य. तुम्हाला वेळ घालवायला पुस्तक हवं असेल तर माझे निकष तुमच्या काही कामाचे नाहीत, नणंदेचे पाच तारे जास्त उपयोगी पडतील. आणि सगळ्या लेखिकांना एका काठीने हाकणं बरं नाही. यात स्वतः फौजी घरातल्याही आहेत, आणि दोघी-तिघींनी वाट बघणं असं लिहिलंय की मी पुस्तक पालथं ठेवून उठले. छळाची वर्णनं सहन होत नसतील तर मात्र मतांमध्ये ते आधी शोधा, वाचक ते बहुतेक सांगतातच.

नवऱ्याला मी पान १७८ उघडून दाखवलं होतं. त्याने वाचलं, म्हणाला, "यात काय चुकलं?" मी पेन्सिल घेऊन समासात लिहिलं, 'असं कुणी सांगत नाही.' त्याने ते वाचलं, चष्मा काढला, आणि बराच वेळाने म्हणाला, "किती दिवस होते गं ते?" चौदा, म्हटलं. त्याला सहा-सात वाटत होते.

गेल्या महिन्यात नणंदेने त्याच मालिकेतलं दुसरं पुस्तक पाठवलं. पहिल्यांदा त्यानेच वाचलं, समासात नेहमीप्रमाणे ग्लॉक वगैरे. एके ठिकाणी नायिका फोन करते. तिथे खूण नाही, नुसतं लिहिलंय, 'हे तू बघ.' बघितलं. पुस्तकाला दोनच तारे दिले.

मालिकेचं म्हणाल तर प्रत्येक भागात जोडपं वेगळं असतं, त्यामुळे मधूनही चालतं, फक्त आधीच्या भागातली मंडळी लग्न होऊन मुलंबाळं घेऊन मध्येच हिंडताना दिसतात. माझी नणंद चौथ्यापासून सुरू झाली, तिचं काही अडलं नाही.