पोलिसांच्या नोंदीतलं नाव पुसता येतं का?

वाचकांचे प्रश्न, बेळगावच्या कोर्टातल्या एका निवृत्त शिरस्तेदारांची उत्तरं

प्रश्न : काका, आमचं गाव खानापूर तालुक्यात. २०१९ च्या विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची जुंपली आणि माझ्या धाकट्याला अटक झाली. त्याच रात्री स्टेशनातूनच जामीन मिळाला. कलमं ३४१, ३२३, ५०४ (वाट अडवणं, मारहाण, चिथावणारा अपमान). पुढं लोक अदालतीत तडजोड होऊन केस मिटली. आता त्याला पुण्यात नोकरी लागतेय, तर कंपनीच्या तपासणीवाल्यांनी जुना एफआयआरच समोर ठेवला. बेळगावातला एक एजंट म्हणतो, वीस हजार द्या, कॉम्प्युटरमधनं नाव काढतो. द्यावेत का? आणि हा कागद कुणालाही कसा काय मिळतो?

उत्तर : ताई, एजंटाला एक रुपया देऊ नका. नोंदवलेला एफआयआर असा कुणाच्या ओळखीनं निघत नाही. तो पैसे घेऊन फोन उचलायचा बंद होईल. आणि खरोखरच कुणी सरकारी नोंदीत खाडाखोड केली, तर तो नवा गुन्हा, त्यात तुमच्या मुलाचं नाव पहिलं.

कागद उघड्यावर कसा, ते सांगतो. सप्टेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना हुकूम केला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाका. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी नाजूक प्रकरणं तेवढी वगळली. त्यामुळं आपल्याकडं जिल्हा, स्टेशन, वर्ष आणि क्राइम नंबर टाकला की प्रत दिसते. केस कोर्टात गेली की ई-कोर्ट या कोर्टांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानंही शोधता येते. तपासणीवाले बहुतेक तिथूनच सुरुवात करतात. शिवाय अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक स्टेशनात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात लावायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ३७ सांगतं.

हे मला चूक वाटत नाही. मी नोकरीत होतो तेव्हा एफआयआरच्या एका झेरॉक्ससाठी आरोपीचे बाप आमच्या टेबलासमोर ताटकळत उभे असायचे. पोरगं नेमकं कुठल्या स्टेशनात बसवलंय हेही घरी कळायचं नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. एफआयआर २४ तासांत चढवायची घाई, पण माणूस सुटल्याचा निकाल त्याच पानावर चिकटवायची कुणाला घाई नाही. पेपरचंही तेच. अटकेची बातमी चौकटीत, सुटकेला जागा नाही.

आता पुसण्याचं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कोर्टाकडं अर्ज करून जुनी अटक नोंदीतून काढून घेता येते. सज्ञान माणसासाठी तसा सरळ कायदा आपल्याकडं नाही. २०१७ मध्ये आपल्याच कर्नाटक हायकोर्टानं एका बापाच्या अर्जावर त्याच्या मुलीचं नाव इंटरनेटवर शोधलं तर निकालात सापडू नये, असा आदेश दिला होता. मद्रास हायकोर्टानं २०२४ मध्ये निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूनं असाच निर्णय दिला, पण त्याच वर्षी जुलैत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. तेव्हा त्यासाठी हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट अर्ज करता येईल, पण मिरवणुकीतल्या मारामारीपायी तेवढा खर्च करा असं मी म्हणणार नाही.

त्यापेक्षा तुमच्या हातात काय आहे ते बघा. तिन्ही कलमं तडजोडीला पात्र आहेत आणि कायद्यानं अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेचाच असतो. म्हणजे मुलगा सुटलाय! फक्त त्याचा कागद घरात नाही. ज्या कोर्टात केस होती तिथं नकलेचा अर्ज द्या आणि आदेशाची शिक्क्याची प्रत घ्या. प्रत हातात पडली की तिथंच उभं राहून वाचा. एफआयआरवर पोलिसांचा क्राइम नंबर असतो, कोर्टाचा सी.सी. नंबर निराळा. आदेशात बऱ्याचदा फक्त सी.सी. नंबर येतो, आणि पुण्यातल्या माणसाला हे दोन कागद एकाच केसचे आहेत हे कळायला मार्ग उरत नाही. तेव्हा चार्जशीटचीही नक्कल घ्या. तिच्यावर क्राइम नंबर असतो. कागद कन्नडमध्ये असणार, तर भाषांतर करून नोटरी करून जोडा.

फॉर्ममध्ये प्रश्न काय विचारलाय ते नीट वाचायला सांगा. 'शिक्षा झाली आहे का?' असं असेल तर उत्तर 'नाही'. 'कधी अटक झाली आहे का?' असं असेल तर 'हो', आणि पुढं दोन ओळीत निकाल. दडवलेलं पुढं उघड झालं तर नोकरीच जाऊ शकते. अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच सांगितलंय की माहिती खरी द्यायची, आणि किरकोळ प्रकरण असेल तर मालकानंही ते तसंच तोलायचं. तो निकाल सरकारी नोकरीतला, पण खासगी कंपन्याही लपवाछपवीला जास्त घाबरतात, मारामारीला कमी.

प्रश्न : १ नोव्हेंबरला सीमाभागात पाळतात त्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत माझ्यावर केस पडली. ओळखीचे म्हणतात, गुन्हा कबूल कर, दोनशे रुपये दंड भर आणि मोकळा हो. मला पासपोर्ट काढायचाय. (बेळगाव)

उत्तर : दादा, हा सल्ला आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात फुकट मिळतो आणि फार महाग पडतो. कबुली दिली की ती शिक्षा. दोनशे रुपये असोत नाहीतर दोन. एवढ्याशा दंडानं पासपोर्ट अडत नाही हे खरं, पण सरकारी नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर 'शिक्षा झाली' असं लिहीत बसावं लागेल. निर्दोष सुटलात तर ते लिहावं लागत नाही. तारखा होतील, होऊ देत.

केस चालू असताना पासपोर्टसाठी त्याच कोर्टाकडं परवानगीचा अर्ज करायचा. १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं कोर्टानं मुदत नमूद केली नसेल तर पासपोर्ट साधारण एक वर्षाचा मिळतो, म्हणून वकिलांना अर्जातच जास्त मुदत मागायला लावा. हे वाक्य राहून जातं आणि मग दरवर्षी तोच फेरा. सरकार केसेस मागं घेईल या आशेवर बसू नका. सरकारनं ठरवलं तरी सरकारी वकिलाला कोर्टाची संमती लागते.

प्रश्न : सोळाव्या वर्षी मोबाइल चोरीत सापडलो होतो. आता बावीस. स्टेशनातले एक जण म्हणतात, तुझं नाव कायमचं वहीत आहे. (निपाणी)

उत्तर : त्यांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ दाखवा. अल्पवयात झालेल्या अशा प्रकरणामुळं तुमच्यावर कुठलीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद आहे तो निर्घृण गुन्ह्यांचा, मोबाइल चोरीचा नव्हे. बाल न्याय मंडळाकडं नोंदी नष्ट करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. स्टेशनात काय शिल्लक आहे ते माहिती अधिकारातून विचारा. फी दहा रुपये, पण कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, तेव्हा झालेल्या अन्यायाची कहाणी त्यात घालू नका.