टाकी गळते तेव्हा भूशास्त्र लागतं

प्रश्न : माझी मुलगी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रशिक्षणाच्या वेळी तिने एका पेट्रोल पंपावरची गळकी भूमिगत टाकी काढताना पाहिली. तेव्हापासून दूषित जमिनीची तपासणी आणि सफाई याच कामात जायचं, असं तिने ठरवलं आहे. मला हे मजुरीचं आणि तब्येतीला घातक काम वाटतं. शिवाय विजेच्या गाड्या आल्या की पंपच बंद होतील. मग हिच्या शिक्षणाचं काय? – एक पालक

उत्तर : तुमच्या शंकांपैकी तब्येतीची शंका सगळ्यांत रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. टाकीत कोंडलेल्या वाफेचा स्फोटही होऊ शकतो. त्यामुळे टाकीला हात लावण्याआधी आतली वाफ घालवतात, ज्वलनशील वायूचं प्रमाण मोजतात आणि मगच काम सुरू होतं. अमेरिकेत अशा घातक कचऱ्याच्या जागी नियमित काम करणाऱ्यांना आधी ४० तासांचं सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं आहे. मुलीला मुलाखतीत एवढं जरूर विचारायला सांगा : साइटवर वाफ कोण मोजतं आणि आकडा वाढला तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला असतो? या प्रश्नावर जी कंपनी चाचपडेल, तिथे तिला पाठवू नका.

आता मजुरीबद्दल. तिने पाहिलं ते खोदयंत्र होतं, आणि ते चालवणारे लोक वेगळे असतात. तिचं काम जमिनीखाली काय झालं असेल, हे पुराव्यावरून मांडण्याचं. पुष्कळदा टाकी शाबूत असते आणि गळतो तो तिला जोडलेला पाइप. गळलेलं पेट्रोल खाली झिरपतं. काही मातीच्या कणांमध्ये अडकतं, काहीची वाफ होते, उरलेलं भूजलापर्यंत पोचून पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगतं. त्यातलं बेंझीन मात्र पाण्यात विरघळतं आणि भूजलाबरोबर पुढे सरकत राहतं. वाळूत पेट्रोल सरळ उतरतं, चिकणमातीचा थर लागला की आडवं पसरतं. जुन्या जलवाहिनीसाठी खणून सैल मातीने भरलेला चर सापडला, तर त्यातून वाट काढत पंपापासून लांबच्या एखाद्या तळघरात वास येऊ लागतो. तो वास कुठून आला, हे भूशास्त्र शिकलेल्या माणसालाच नीट सांगता येतं.

त्यासाठी बोअर घेऊन मातीचे नमुने काढतात. थोडी माती बंद पिशवीत ठेवून वाफ जमू देतात आणि हातात मावणाऱ्या यंत्राने ती मोजतात. नाकावर विसंबून राहायचं नाही. प्रयोगशाळेचे नमुने तातडीने हवाबंद करून थंड ठेवावे लागतात. हयगय झाली तर बेंझीन वाटेतच उडून जातं आणि दूषित जमिनीला ‘स्वच्छ’ म्हणणारा अहवाल हातात पडतो. त्या अहवालावर भरवसा ठेवून कुणीतरी शेजारच्या विहिरीचं पाणी पीत राहतं. कोपऱ्यात उभं राहून बाटलीचं झाकण घट्ट लावणाऱ्या नवख्या मुलीवर केवढी जबाबदारी असते, ते यावरून लक्षात घ्या.

पाण्याच्या प्रवाहाची दिशा कळायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. ऋतूनुसार पातळी हलते, म्हणून एकदा मोजून भागत नाही. विहिरीत दिसणारा पेट्रोलचा थर बाजूच्या जमिनीतल्या थरापेक्षा बराच जाड असू शकतो, त्यामुळे तो पाहून गळतीचा अंदाज बांधला तर आकडा भलताच फुगतो. हे मला या क्षेत्रातलं सर्वांत आकर्षक अंग वाटतं : डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवरही इथे शंका घ्यावी लागते.

सफाईची पद्धत या तपासणीतूनच ठरते. माती उचलून नेता येते, वाफ शोषून काढता येते, किंवा जमिनीतल्या जिवाणूंना ऑक्सिजन पुरवून इंधन खाऊ द्यायचं. घट्ट चिकणमातीत वाफ शोषणारा पंप फारसं काही करू शकत नाही. काही ठिकाणी जिवाणूंचं काम आपसूक चाललेलं असतं आणि नियमित मोजमाप ठेवणं पुरतं. उलट कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं एमटीबीई हे द्रव्य त्यांत पोचलं होतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि जिवाणूंना लवकर पचत नाही.

विजेच्या गाड्यांची काळजी मला वाटत नाही. पंप बंद झाला म्हणून जमिनीतलं पेट्रोल जात नाही. उलट टाकी उपसताना, जमीन विकताना गळत्या उघडकीला येतात. अमेरिकेने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला. त्यानंतर तिथे ५ लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आणि हजारो जागांची सफाई अजून बाकी आहे. शिवाय हेच कौशल्य तेलशुद्धीकरण प्रकल्प, विमानतळ आणि रासायनिक कारखान्यांच्या जमिनींनाही लागतं. फक्त टाक्यांचंच काम करणारी नोकरी शोधू नका. पर्यावरण सल्लागार कंपन्यांतली जमीन आणि भूजल तपासणीची पदं पाहा. सुरुवातीची वर्षं ऊन, चिखल आणि ड्रिलिंगच्या आवाजात जातील, हे मात्र तिला आत्ताच माहीत असू द्या.

पुढे भूजलशास्त्रात एम.एस्सी. करावी, जोडीला सेंद्रिय रसायनशास्त्राची आणि संख्याशास्त्राची चांगली तयारी. लेखनही सुधारायला हवं, कारण शेवटी अहवालावरच निर्णय होतात. प्रवेशअर्ज भरण्याआधी तिने एक करून पाहावं. विभागातून एकाच जागेच्या चार बोअरच्या नोंदी, म्हणजे किती खोलीवर कोणता थर लागला याच्या याद्या, मागून घ्याव्यात. तीन नोंदींवरून जमिनीचा छेद, म्हणजे उभी कापल्यावर दिसतील तशा थरांचं चित्र, काढावा, चौथ्या जागी काय लागेल ते लिहून ठेवावं आणि मग चौथी नोंद उघडावी. अंदाज बहुधा चुकेल. का चुकला हे शोधत ती पुन्हा कागदाशी बसली, तर तिला खुशाल या वाटेने जाऊ द्या.