छोट्या आरशात अख्खे आकाश

प्रश्न : जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे. असे असताना संपूर्ण आकाशाचा अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशातला) नकाशा अवघ्या 40 सेंटिमीटर आरशाच्या ‘वाइज’ दुर्बिणीने कसा काय तयार केला? आणि हे काम जमिनीवरून का होत नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आकाशाचा एखादा चिमुकला तुकडा खोलवर न्याहाळणे हे वेबचे काम आहे. नकाशासाठी मात्र एका नजरेत किती आकाश मावते, याला अधिक महत्त्व असते. वाइजच्या प्रत्येक छायाचित्राची बाजू 47 कलांची (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे सुमारे दीड पूर्णचंद्राएवढी होती. आरसा लहान असल्याने प्रतिमा काहीशा धूसर येत, पण सर्वेक्षणासाठी तेवढा तोटा पत्करण्याजोगा होता.

खरी गंमत कक्षेत आहे. नासाने 14 डिसेंबर 2009 रोजी सोडलेली ही दुर्बीण सुमारे 525 किलोमीटर उंचीवर, दिवस आणि रात्रीच्या सीमारेषेवरून, ध्रुवांजवळून फिरत असे. पृथ्वीकडे पाठ आणि सूर्य एका बाजूला ठेवून ती प्रत्येक फेरीत आकाशाचे एक अरुंद कडे टिपत असे. पृथ्वी सूर्याभोवती रोज साधारण एक अंश पुढे सरकते आणि दुर्बिणीच्या दिवसाला सुमारे पंधरा फेऱ्या होत, त्यामुळे हे कडे दर फेरीला जेमतेम चार कलांनी सरके. परिणामी आकाशाचा प्रत्येक भाग आठ-दहा वेळा तरी टिपला जाई आणि सहा महिन्यांत संपूर्ण आकाश पुरे होई. दुर्बीण सतत फिरत असूनही छायाचित्रे हलत नसत, कारण आतला एक छोटा आरसा तेवढ्याच वेगाने उलट दिशेने वळून प्रतिमा क्षणभर स्थिर धरीत असे. दर 11 सेकंदांनी एक, या गतीने हे काम चालले.

आता जमिनीविषयी. हवेतील बाष्प अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेते. शिवाय आपल्या नेहमीच्या तापमानाची कोणतीही वस्तू, मग ती हवा असो वा खुद्द दुर्बीण, 10 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास स्वतःच प्रकाशत असते. अशा दुर्बिणीतून अंधुक तारे शोधणे म्हणजे भर दुपारी काजवे शोधण्यासारखे आहे. म्हणून वाइजमध्ये गोठवलेला हायड्रोजन भरलेला होता. 12 आणि 22 मायक्रोमीटरचे संवेदक त्यामुळे उणे 265 अंश सेल्सिअसच्याही खाली राहत. 2010च्या शरद ऋतूत हा हायड्रोजन संपला आणि ते दोन्ही संवेदक निरुपयोगी झाले, परंतु 3.4 आणि 4.6 मायक्रोमीटरचे संवेदक चालू राहिले. काही काळ निद्रिस्त ठेवलेली ही दुर्बीण 2013 मध्ये ‘निओवाइज’ या नावाने पुन्हा जागवण्यात आली आणि 2024 पर्यंत तिने प्रामुख्याने लघुग्रहांचा शोध घेतला. कोळशासारखे काळे लघुग्रह साध्या प्रकाशात सहज दिसत नाहीत, अवरक्त प्रकाशात मात्र त्यांची ऊब त्यांना उघडे पाडते. 2020 मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसलेला निओवाइज धूमकेतू हिनेच शोधला. ऐन जुलैतल्या ढगांमुळे आपल्याकडे अनेकांना तो छायाचित्रांतच पाहावा लागला, हे दुर्दैव.

आरशाच्या आकाराबद्दल आपली शंका अजून फिटली नसेल, तर मार्च 2025 मध्ये सोडलेल्या ‘स्फिअरएक्स’कडे पाहावे. अख्खे आकाश 102 अवरक्त रंगांत टिपणाऱ्या या दुर्बिणीचा आरसा केवळ 20 सेंटिमीटरचा आहे, आणि तिला थंड ठेवण्याचे काम हायड्रोजनऐवजी एकात एक बसवलेले शंकूच्या आकाराचे पडदे करतात.