मराठी माध्यमातून आलोय, इंग्रजीत शंका विचारायची भीती वाटते. प्राध्यापकांशी कसं बोलू?

मराठीतच विचारा, अगदी बिनधास्त. मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही स्थानिक भाषेत पेपर लिहू द्या, असं विद्यापीठांना सांगितलं. मग शंका तर साधी गोष्ट आहे.

भर वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जा. "काहीच कळलं नाही" असं मात्र म्हणू नका. वही उघडून नेमकी ओळ दाखवा: "मॅडम, इथपर्यंत समजलं, पुढे अडलं." मी स्वतः शिकवतो. असा विद्यार्थी आला की खूप बरं वाटतं, त्याचं नाव लक्षात राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणार असाल तर आधी नाव, वर्ग आणि रोल नंबर लिहा.