सील शाबूत असले तरी ट्रॉली रोज तपासावी का?

प्रश्न : आमच्या रुग्णालयातील आपत्कालीन ट्रॉलीला सील लावलेले असते. तरीही ती रोज तपासावी का? – एक परिचारिका, सोलापूर

उत्तर : होय. सील शाबूत असल्यास आतील औषधे रोज मोजण्याची गरज नसते. परंतु डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र), सक्शन यंत्र (घशातील स्राव ओढून काढणारे) आणि ऑक्सिजन सिलिंडर सीलबाहेर असल्याने त्यांची चाचणी दररोज झालीच पाहिजे, आणि डिफिब्रिलेटरचा प्लग काढून तो बॅटरीवर चालतो का, हेही पाहावे. आठवडाभराच्या सह्या एकाच दिवशी उरकलेली तपासणीची नोंदवही निरुपयोगी होय. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. अॅड्रेनालिन हे हृदय बंद पडल्यावर दिले जाणारे, ट्रॉलीतील इंजेक्शन उष्णतेने व प्रकाशाने खराब होत असल्याने ट्रॉली खिडकीजवळ ठेवू नये आणि द्रावण गुलाबी वा तपकिरी दिसल्यास, मुदत शिल्लक असली तरी, ते वापरू नये.