आहार प्रश्नोत्तरे : पोहे खाऊनही साडेदहाला भूक का लागते?

प्रश्न : सकाळी आठ वाजता बशीभर कांदेपोहे आणि चहा घेऊन मी कामावर जाते, तरी साडेदहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागतात आणि हात बिस्किटांच्या पुड्याकडे वळतो. सुट्टीच्या दिवशी पिठले-भाकरी खाल्ली, तर मात्र दुपारपर्यंत भुकेची आठवणही होत नाही. हा केवळ सवयीचा भाग आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सवयीचा वाटा थोडा आहे. जठरात तयार होणारे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी वाढू लागते, त्यामुळे रोज साडेदहाला बिस्किटे खाणाऱ्याला त्याच वेळी भूक जाणवते. परंतु मुख्य फरक बशीत काय वाढले आहे, याचाच आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. त्यांनी ३८ पदार्थ निवडले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा भाग लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर १५ मिनिटांनी पोट किती भरल्यासारखे वाटते, याची नोंद घेतली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरल्यावर उकडलेल्या बटाट्याला ३२३, तर लोण्याच्या पापुद्र्यांच्या क्रॉसाँला अवघे ४७ गुण मिळाले. कॅलरी तेवढ्याच असूनही बटाट्याचा भाग पाव किलोहून अधिक भरतो आणि क्रॉसाँचा जेमतेम ६० ग्रॅम. ज्या बटाट्याला आपण वजनवाढीबद्दल बोल लावतो, तो उकडलेला असेल तर यादीत पहिला आला. तोच तळल्यावर त्याचे गुण ११६ वर घसरले.

जठराच्या भिंती ताणल्या गेल्या की त्याची वर्दी मज्जातंतूंमार्फत मेंदूला मिळते, म्हणून आकारमान आणि अन्नातील पाणी महत्त्वाचे ठरते. पुढे प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की तेथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ अशी संप्रेरके स्रवतात, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि तृप्ती टिकते. आता तुमच्या न्याहारीकडे पाहू. एका बशीला साधारण ५० ग्रॅम कोरडे पोहे लागतात आणि त्यांत प्रथिने ३-४ ग्रॅमच असतात. याउलट ज्वारीची एक मोठी भाकरी आणि वाटीभर पिठले मिळून प्रथिने १४-१५ ग्रॅमपर्यंत जातात, शिवाय ज्वारीत तंतू भरपूर. भाकरी चावावी लागते, हेही विसरू नये; मऊ पोहे चहाबरोबर पाच मिनिटांत संपतात आणि तृप्तीचे संदेश तोवर मेंदूपर्यंत नीट पोचलेलेही नसतात.

पोहे सोडण्याचे मात्र काही कारण नाही. पोहे नेहमीपेक्षा थोडे कमी घेऊन त्यांत मोड आलेली वाफवलेली मटकी किंवा मटार घालावेत, अथवा सोबत उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही घ्यावे. नागपूरकर पोह्यांवर हरभऱ्याची तर्री घेतात. वरचा तेलाचा तवंग जरा बाजूला सारला, तर पोटाच्या हिशेबाने त्यांचेच बरोबर आहे. बिस्किटांनी मात्र प्रश्न सुटत नाही, कारण तो पुन्हा मैदा, साखर आणि तूप-तेलाचा छोटासा, कॅलरींनी ठासून भरलेला घास आहे.

प्रश्न : एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की पोट जड होते, पण संध्याकाळी पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. जडपणा आणि भूक एकाच वेळी कशी? – एक वाचक, सातारा

उत्तर : जडपणा म्हणजे तृप्ती नव्हे. तूप आणि शेंगदाण्याच्या कुटामुळे जठर सावकाश रिकामे होते, म्हणून जड वाटते. साबुदाणा स्वतः मात्र जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिने आणि तंतू नगण्य असतात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपण हसत म्हणतो, त्यात उपवास करणाऱ्याइतकाच दोष साबुदाण्याचाही आहे. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, उकडलेले रताळे, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक हे उपवासाचेच पदार्थ अधिक वेळ साथ देतात. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : जेवणाआधी फळांचा रस प्यावा की पाणी, म्हणजे भूक आटोक्यात राहील? – एक वाचक, पुणे

उत्तर : रसाऐवजी फळच खावे. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणापूर्वी सफरचंद चावून खाणाऱ्यांनी त्या जेवणात, सफरचंदाच्या कॅलरी धरूनही, सुमारे १५ टक्के कमी कॅलरी घेतल्या. सफरचंदाच्या रसाचा तसा परिणाम दिसला नाही. पाण्याबाबत आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांच्या १९९९ मधील प्रयोगाचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी काही स्त्रियांना जेवणाआधी कोंबडी-भाताचा एकच पदार्थ तीन प्रकारे दिला : नुसता, पेलाभर पाण्याबरोबर, आणि तेवढेच पाणी त्यातच मिसळून सूप करून. सूप घेतल्यावर त्या पुढच्या जेवणात सुमारे १०० कॅलरी कमी जेवल्या. वेगळे प्यायलेल्या पाण्याने फरक पडला नाही. तेव्हा मुगाचे कढण किंवा टोमॅटोचे सार आधी घ्यावे आणि त्यावर साय, लोणी घालण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : पोट तुडुंब भरलेले असतानाही श्रीखंडाला जागा कशी होते? – एक वाचक, ठाणे

उत्तर : एकाच चवीचा कंटाळा जिभेला लवकर येतो, परंतु तो त्या चवीपुरताच असतो. वरण, भाजी, पुरी यांची गोडी कमी झालेली असली, तरी गोड-आंबट, थंड श्रीखंड मेंदूला नवेच वाटते. म्हणूनच पंगतीत पदार्थ वाढले की जेवणही वाढते. श्रीखंड जेवणाच्या सुरुवातीलाच पानात वाढून घेतले आणि पुरीबरोबर संपवले, तर शेवटी दुसऱ्या वाटीची ओढ बरीच कमी होते.